दिनाने शेजाऱ्यांना हाक मारली नाही

गेल्या उन्हाळ्यात जर्मन सरहद्दीलगतच्या आमच्या वाडीच्या वळणावर एक पाटी लागली. सायकलवरून फिरायला येणाऱ्यांसाठी. तिच्यावर लिहिलंय की युद्धाच्या काळात या वाडीतले लोक आपल्या ज्यू शेजाऱ्यांच्या पाठीशी धैर्याने उभे राहिले. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. या वाडीतले लोक. अहो, सात घरांची वाडी. त्यातलं एक घर त्या ज्यू शेजाऱ्यांचंच. उरली सहा. एक घर पाठीशी उभं राहिलं. एक उशिरा उठलं, ते आमचं. एकाने चहाडी केली. आणि तिघांनी खिडकीचे पडदे सारखे केले. एवढं सगळं पाटीवर मावलं नसतं हे मला कळतं. पण मग पाटी लावायची कशाला?

मी शाळेत सहा वर्षं होते, त्यातली निम्मी बटाटे काढण्यात गेली. तेव्हा लिहिणं जसं येईल तसं. पण दिनाबद्दल कुणीतरी खरं लिहायला हवं, आणि तिला ओळखणाऱ्यांत मी एकटीच अजून जमिनीच्या वर आहे. अठ्ठ्याऐंशी झाली, म्हणजे घाई आहे.

दिना हेन्ड्रिकची एकुलती एक मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. हेन्ड्रिक बोलायला कंजूष. चर्चमध्ये गाणंसुद्धा ओठ न उघडता म्हणायचा. ती नऊ वर्षांची असताना वाटेपलीकडच्या लहान घरात गुरांचा व्यापारी सालोमन, त्याची बायको रोझेट आणि त्यांची लहान मुलगी बेट्ये राहायला आले. आमच्याकडे ज्याचं दार सगळ्यात जवळ, तो पहिला शेजारी. घरात जन्म झाला, मरण आलं, की पहिली हाक त्याला. तो येतो, घर ताब्यात घेतो, मेलेल्याला धुतो, कपडे घालतो, गुरांचं बघतो. घरच्यांनी नुसतं बसायचं. आपल्या माणसाला आपणच धुणं म्हणजे जगाला सांगणं, की आम्हाला कुणी नाही आणि आम्हाला कुणी नको.

तोवर हेन्ड्रिकचा पहिला शेजारी होता डेर्कचा बाप; डेर्कबद्दल पुढे येईलच. तो तावातावाने आला. म्हणाला, "हेन्ड्रिक, मागल्या दाराने मोजलं तर आमचंच घर जवळ पडतं. हा ज्यू. हा तुझ्या मढ्याला हात लावणार?"

हेन्ड्रिकने दिनाला उंबऱ्यावर उभी केली. "चाल," तो म्हणाला, "आणि मोठ्याने मोज."

सालोमनच्या दारापर्यंत बासष्ट पावलं भरली. परत येऊन तिने डेर्कच्या दारापर्यंत मोजली, ती एक्क्याण्णव.

"ऐकलंस ना?" हेन्ड्रिक म्हणाला. "पोरीला मोजता येतं. दारं मोजायची, माणसं नाही." आणि तो गोठ्यात निघून गेला.

पाच वर्षांनी दिनाची आई वारली तेव्हा तिला रोझेटने धुतलं आणि तिला पुरायला नेणाऱ्या गाडीच्या घोड्याचा लगाम सालोमनने धरला. दर शनिवारी त्यांची चूल पेटवायला दिना जायची, कारण त्या दिवशी त्यांना विस्तव चालत नाही.

हेन्ड्रिकची दुसरी एक गोष्ट सांगते, म्हणजे तो नुसता ज्यूंचा कैवारी होता असं कुणाला वाटायला नको. डेर्कची आई जिभेने विळ्यासारखी. तिने भर चर्चच्या दारात दिनाला सफरचंदचोर म्हटलं. दिनाने एकही सफरचंद घेतलं नव्हतं. मी घेतली होती, चार. पुढच्याच महिन्यात ती बाई तापाने पडली आणि हेन्ड्रिकने दिनाला तिच्या घरची फरशी धुवायला पाठवलं.

"बाबा, तिने मला चोर म्हटलं."

"हो. आणि ती आजारी आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या, एकीने दुसरी पुसली जात नाही. हा त्याचा हिशेब. दिनाने फरशी धुतली. रडत धुतली, पण कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

मग चाळीसच्या मे महिन्यात जर्मन आले. दोन वर्षं एकेक गोष्ट काढून घेत गेले. ज्यूंनी बाजारात जायचं नाही, सायकल ठेवायची नाही, छातीवर पिवळी चांदणी शिवायची. आणि आमची माणसं म्हणायची, कायदाच आहे, काय करणार. कायदा काय आभाळातून पडतो? यादी आमच्याच कचेरीतल्या कारकुनाने केली, सुंदर अक्षरात. बेचाळीसच्या नोव्हेंबरात तो सालोमनकडे आला. मंगळवारी सकाळी एकेक पिशवी घेऊन स्टेशनवर या, पोलंडात कामाला नेणार आहेत, म्हणाला. जाताना पाय पुसून गेला.

त्याच दिवशी डेर्कची बायको ट्रुडा रोझेटच्या दारात उभी राहिली. बापाच्या पश्चात घर डेर्कचं झालं होतं, आणि त्याने कोटावर जर्मनांच्या बाजूच्या पक्षाचा बिल्ला लावला होता. ट्रुडा काय म्हणाली? "तुमचं शिवणयंत्र तर तुम्हाला नेता येणार नाही ना?" मी ऐकलंय हे, माझ्या कानांनी. मी कोबी घेऊन तिथून जात होते. आणि मी काही बोलले नाही. कोबी घेऊन पुढे गेले. हेही लिहून ठेवते.

मंगळवारी सालोमन आणि रोझेट स्टेशनवर गेले असं सगळे धरून चालले. खरं म्हणजे सोमवारी दिवेलागणीला ते बासष्ट पावलं चालून हेन्ड्रिककडे आले होते. हेन्ड्रिकने दिनाला विचारलं, "तुझं काय मत?"

दिना म्हणाली, "माळ्यावर गवत कमी आहे. दोघांना थंडी वाजेल."

एवढीच चर्चा. आमच्याकडे घर आणि गोठा एकाच छपराखाली. गाईंच्या डोक्यावर गवताचा माळा. त्या गवतात ते दोघं तीन महिने राहिले आणि आम्हाला, तीनशे पावलांवर, पत्ता नाही. मंगळवारी दुपारी शिवणयंत्र ट्रुडाच्या खिडकीत आलं, ते मात्र सगळ्या वाडीला दिसलं.

फेब्रुवारीत एका पहाटे हेन्ड्रिक धार काढता काढता गेला. बादली सांडली नाही. गाईच्या कुशीला डोकं टेकून बसल्या बसल्या गेला.

पुढचं मला दिनाने बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तिने बापाला खाली निजवलं आणि माळ्याकडे तोंड करून सांगितलं. सालोमन शिडी उतरून आला.

"काका, वर जा."

"दिना, पाणी तापव."

"तुम्ही इथे नाही आहात, काका. तुम्ही पोलंडात आहात. सगळ्यांना माहीत आहे."

"मग डेर्कला बोलाव. पहिला नाही तर दुसरा. तो हेन्ड्रिकला धुवेल. मग गाईंना गवत घालायला माळ्यावर चढेल. तो त्याचा हक्क आहे."

दिनापुढे दोनच वाटा. हाक मारावी तर डेर्क घरभर फिरणार, तीन दिवस. न मारावी तर आपल्या बापाला बेवारशासारखं निजवावं लागणार.

"सतरा वर्षं मी त्याचा पहिला शेजारी," सालोमन म्हणाला. "जर्मनांनी माझा धंदा घेतला, सायकल घेतली. हे मी देत नाही. मला वस्तरा दे."

आता याला मी शहाणपणा म्हणत नाही. हा आमच्या मुलखातला वेडेपणा. दुसरा कुणी असता तर जीव मुठीत धरून गवतात पडून राहिला असता. सालोमनने हेन्ड्रिकला धुतलं, दाढी केली, आमच्याकडे लग्नातच शिवून ठेवतात तो मरणाचा सदरा घातला, स्वच्छ पेंढ्यावर निजवलं आणि हनुवटीखालून पट्टी बांधली. मग शिडी चढून गेला. हे सगळं इतकं रीतसर केलं, की हे दिनाच्या हातचं नाही हे बघणाऱ्याला एका नजरेत कळावं.

दुधाचा कॅन वाटेच्या कडेला दिसला नाही म्हणून आठाच्या सुमारास डेर्क आला. पाठोपाठ आम्ही सगळे. दिना दारात उभी होती, हात पोटावर बांधून.

"बाबा गेले," ती म्हणाली. "मी धुतलं. मीच कपडे घातले. गाईंचं मी बघते. मला कुणाची गरज नाही."

सात घरांच्या वाडीला याहून मोठी थप्पड मारता येत नाही. माझी आई, हार्मिना, दिनाला बाजूला सारून आत गेली आणि मी तिच्यामागे. आईने मढ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. पट्टीची गाठ डाव्या कानाखाली होती, दोन वेढे आणि एक फास. वासराच्या दाव्याला अशी गाठ सबंध मुलखात एकच माणूस मारायचा. बाजारात त्याची जनावरं लोक गाठीवरून ओळखायचे.

डेर्क चौकटीत येऊन उभा होता.

आई वळली आणि तिने दिनाला असं फैलावर घेतलं की मला वाटलं, खरंच चिडली. "निर्लज्ज कुठली. जन्मदात्याला हात लावलास? आम्ही काय मेलो होतो सगळे? तुझ्या आईने पाहिलं असतं तर तुझ्या कानाखाली वाजवली असती. आणि ही पट्टी अशी बांधतात होय? हे काय, बटाट्याचं पोतं आहे?" बोलता बोलता तिची बोटं ती गाठ सोडवत होती. तिने पट्टी परत बांधली, साधी, बायकांची.

डेर्क म्हणाला, "दाढी कुणी केली?"

"मी," दिना म्हणाली.

"कुठेही कापलेलं नाही. चांगला हात आहे तुझा. रविवारी माझी करशील?"

"तुझी करताना हात हलेल, डेर्क. मी खात्री देणार नाही."

कुणीतरी खोकलं. डेर्कने टोपी काढली, परत घातली. "बरं. झालं ते झालं. गाईंना गवत मी टाकतो. शेजारधर्म आहे." तो शिडीकडे निघाला.

दिना शिडीला पाठ लावून उभी राहिली. ती काही दांडगी नव्हती. डेर्क तिच्याहून हातभर उंच. ती शांतपणे म्हणाली, "ट्रुडाचं शिवणयंत्र नीट चालतंय ना? रोझेट म्हणायची, सुई अडकते."

घरात सगळे होते. सगळ्यांना ते यंत्र कुणाचं ते माहीत होतं, आणि तीन महिन्यांत एकानेही हे वाक्य उच्चारलं नव्हतं. डेर्कचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तो वळून बाहेर गेला. सायकल काढली ती घराकडे नाही, गावाकडे.

बाकीची तीन घरं जमिनीकडे बघत उभी राहिली आणि मग काम आहे म्हणून गेली. त्यांनी सांगितलंही नाही कुणाला, हे मान्य करते. पण न सांगणं म्हणजे पाठीशी उभं राहणं असेल, तर आमची गाय पण पाटीवर हवी.

आईने मला गोठ्यात ओढलं. "तुला कळलं?"

"कळलं."

"तीन महिने आपण झोपलो होतो, यान्ना. चल. सुतार शवपेटी घेऊन येतोय. पेटी आली की पेंढा निघेल."

मेलेल्याखालचा पेंढा त्याच दिवशी वाडीबाहेर नेऊन जाळायचा. त्याला हात लावायला कुणाला आवडत नाही, म्हणून तो नेणाऱ्याला कुणी थांबवत नाही. सुतार आला, हेन्ड्रिकला पेटीत ठेवलं, सुतार कॉफी प्यायला बसला. युद्धातली नकली, चिकोरीची कॉफी, पण त्याने तीन कप प्यायले, देव त्याचं भलं करो. तेवढ्यात मी आमची गाडी मागच्या दाराशी लावली. रोझेट आधी आली, मग सालोमन. गाडीच्या तळाशी आडवे झाले. वर हेन्ड्रिकचा पेंढा.

मी घोड्याचा लगाम धरून निघाले. चर्चच्या वळणावर समोरून पोलीस आला, सायकलवर. मागे डेर्क. पोलीस जर्मन नव्हता. आमच्या गावचाच, आमच्या शाळेत शिकलेला. नाव लिहीत नाही. त्याची नात आठवड्याला माझ्या पायांची नखं कापायला येते, चांगली पोर आहे.

"काय आहे गाडीत?"

"हेन्ड्रिकचा पेंढा. जाळायला नेतेय."

त्याने हात पुढे केला. मी म्हणाले, "बघा हवं तर. शेवटी त्याला पोटाचा त्रास झाला होता, तेवढं सांभाळा."

हात मागे गेला. आणि मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी डेर्कला म्हणाले, "बरा भेटलास. पहिला शेजारी नाही, म्हणजे पेंढा जाळणं दुसऱ्याचं काम. घे लगाम. शेजारधर्म आहे."

डेर्क म्हणाला, "मला काम आहे." त्याने लगाम घेतला असता तर आज हे लिहायला मी नसते. पण मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. सोन्याचं यंत्र असेल तर तो हात लावील, घाणीला नाही. दोघं पुढे गेले. मी मागच्या वाटेने गाडी आमच्या भट्टीघराशी नेली, पाव भाजायच्या खोलीशी.

पोलिसाला आणि डेर्कला दिनाच्या माळ्यावर गवतात दोन खळगे सापडले, आणि केसांची एक पिन.

"इथे कोण झोपतं?"

"मांजरं," दिना म्हणाली.

"मांजरं केसांत पिना घालतात?"

"आमच्या मांजरांना मी लाडावलंय."

आईने हे ऐकलं, ती पेटीजवळ बसली होती. पोलिसाने दिनाच्या तोंडात मारली, बापाच्या पेटीसमोर, आणि तिला नेलं. तिसऱ्या दिवशी हेन्ड्रिकला पुरलं तेव्हा ती शहरातल्या तुरुंगात होती. घोड्याचा लगाम माझ्या बापाने धरला. आणि डेर्क दुसरा शेजारी म्हणून पेटीला खांदा द्यायला आला. आला. काळा कोट घालून. मला अजून झोपेतून उठून त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

अकरा आठवडे त्यांनी तिला ठेवलं. तिने एकच सांगितलं, मीच धुतलं बापाला. त्यांनी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दारात धरून मोडली. ती पुढे कधी मिटली नाहीत. धारा काढणाऱ्या बाईची बोटं.

सालोमन आणि रोझेट आमच्या भट्टीघरात दोन वर्षं राहिले, युद्ध संपेपर्यंत. मग बाहेर आले. त्यांची मुलगी बेट्ये ॲमस्टरडॅमला नोकरीला होती, तिलाही तिथून नेलं होतं, ती परत आली नाही. त्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग तिच्याबद्दल बोलणं थांबवलं. कारकून कचेरीत तसाच होता. पोलीस गणवेशात तसाच, पुढे निवृत्त होताना त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणि दिनाला काय मिळालं? बापाला आपल्या हाताने धुणारी, हे नाव. शेजारच्या गावचा एक जण तिच्याशी लग्न करणार होता, त्याच्या आईने याच कारणावरून मोडलं. मी म्हणायची, जाऊन सांग सगळ्यांना खरं काय ते. ती म्हणायची, "सांगितलं तर म्हणतील, त्या म्हाताऱ्या सालोमनच्या हट्टापायी तुझा हात गेला. मग काकांना माझ्याकडे बघवणार नाही." आणि गप्प बसायची. बापासारखी.

पण मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. पंचेचाळीसच्या मे महिन्यात, जर्मन हरल्यावर, डेर्कला पकडून फितुरांच्या छावणीत टाकलं. बरं झालं. ट्रुडा आठव्या महिन्याची पोटुशी, घरात आठ गाई, आणि वाडीतलं कुणी तिच्या दारात जाईना. गाई दुधाने फुटायला आल्या, सबंध वाडीभर हंबरत होत्या. सकाळी मी पाहिलं तर दिना बादली घेऊन त्या वाटेने चालली होती. मी वाट अडवली.

"कुठे?"

"ट्रुडाकडे."

"तुझं डोकं फिरलंय? त्याने तुला विकलं. तुझ्या बापाच्या मढ्यावर उभं राहून विकलं. तू त्यांना माफ करणार?"

"माफ कोण करतंय? धारा काढायच्या आहेत."

"सालोमनकाकांना काय वाटेल?"

"त्यांना मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं." तिने बादली डाव्या हातात घेतली. "एक्क्याण्णव पावलं आहेत, यान्ना. मी काय करू?"

सालोमन आपल्या दारात उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं, आत गेला आणि दार लावून घेतलं. त्याचं बरोबर होतं. तिचंही असेल. मला ते आजही पटत नाही.

तीन दिवस मी गेले नाही. चौथ्या दिवशी गोठ्याच्या दारातून पाहिलं. ती उजव्या हाताच्या तीन बोटांनी ओढत होती, धार वाकडी जाऊन निम्मी पेंढ्यात पडत होती. ट्रुडा कोपऱ्यात स्टुलावर, तोंडावर ॲप्रन धरून. मी दुसरी बादली उचलली. ट्रुडाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"तू बोलू नकोस," मी म्हणाले. "मी तुझ्यासाठी आलेले नाही."

दिनाने मान वर केली नाही. "मग ती कडेची घे," ती म्हणाली. "लाथ मारते."

मी तीच घेतली. दोन महिने मी रोज गेले, सकाळ-संध्याकाळ, आणि ट्रुडाशी एक शब्द बोलले नाही. मूल झालं तेव्हा दिना आत होती. मी बाहेर गोठ्यात गाईला शिव्या देत होते.